लढाईतल्या इंजिनाची ओळख

कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या चार तालुक्यांच्या आपल्या कसमादे भागात शेतीचा इतिहास हा बहुतांशी पाण्याचाच इतिहास आहे. नदीकाठच्या गावांना मोसम, आरम, गिरणा या नद्यांचे आणि फडाच्या बंधाऱ्यांचे पाणी मिळे. नदीपासून दूर असलेल्या शेतकऱ्याला मात्र विहिरीवाचून गती नव्हती. विहिरीवर मोट, मोटेला बैलजोडी, बैलांना उतरती धाव, आणि वर आलेले पाणी थारोळ्यातून पाटाने पिकाकडे, ही व्यवस्था शेकडो वर्षे चालली. मग इंजिन आले. बैलांची धाव ओस पडली आणि विहिरीच्या काठावर धूर व ठकठक सुरू झाली. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना झाल्यावर गावोगाव वीज पोहोचू लागली, विजेची मोटर बसली आणि इंजिनही गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन पडले.

अशा कोपऱ्यात पडलेल्या इंजिनाबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारले तर पुष्कळदा एकच उत्तर मिळते, "हे लढाईतले आहे. गोऱ्यांच्या पलटणीचे." कोणी म्हणतो ते रणगाड्याचे, कोणी म्हणतो विमानाचे. ही माणसे खोटे बोलतात असे मुळीच नाही. दुसरे महायुद्ध संपल्यावर सैन्याचा अफाट माल बाजारात आला, ही गोष्ट खरी आहे. परंतु त्याच काळात आणि त्यानंतर पुण्याची, साताऱ्याची, राजकोटची आणि विलायतेची साधी शेतीची इंजिनेही खेड्यात आली, हेही तितकेच खरे आहे. मग आपल्यासमोरचे इंजिन यांपैकी कोणते? ते सैन्याचे असेल तर सैन्यात त्याचे काम काय होते? या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा त्या लोखंडावरच लिहिलेले असते. ते कसे वाचावे, हे विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

डिस्पोजलचा माल

प्रथम पार्श्वभूमी पाहू. १९३९ ते १९४५ या काळात हिंदुस्थान हा दोस्त राष्ट्रांचा फार मोठा तळ होता. पूर्वेला ब्रह्मदेशची आघाडी, पश्चिमेला इराक-इराण, आणि मधोमध हा देश. आपल्याच नाशिक जिल्ह्यातील देवळाली हे १८६१ पासून गोऱ्या सैनिकांचे येण्याजाण्याचे ठाणे होते. दुसऱ्या महायुद्धातही तेथे मोठी छावणी होती. (देवळा आणि देवळाली ही दोन निरनिराळी गावे आहेत, हे आपल्याला ठाऊक आहे. बाहेरचे लोक मात्र नेहमी घोटाळा करतात. जुने कागद पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.) मुंबईत शिवडीला जनरल मोटर्स कंपनीचा गाड्या जोडण्याचा कारखाना १९२८ पासून होता, आणि फोर्ड कंपनीचेही काम मुंबईत चालत असे. युद्धकाळात कॅनडातून सुट्या भागांच्या रूपाने लष्करी ट्रक येत आणि येथे जोडले जात. कॅनडाने अशा एकाच ठराविक नमुन्याचे सुमारे ४ लाख ट्रक युद्धकाळात बनवले. त्यांपैकी पुष्कळ हिंदी सैन्याला मिळाले.

१९४५ साली युद्ध थांबले आणि हा सारा पसारा एकाएकी निरुपयोगी झाला. ट्रक, जीप, जनित्रे, पंप, तारा, तंबू, बुटांपासून दुर्बिणीपर्यंत सर्व काही. अमेरिकी सैन्याने या देशात मागे ठेवलेल्या मालाबाबत मे १९४६ मध्ये दोन्ही सरकारांत करार झाला आणि तो माल हिंदुस्थान सरकारकडे आला. जादा मालाची विक्री करण्यासाठी सरकारने स्वतंत्र खातेच उघडले होते. त्या खात्याच्या इंग्रजी नावावरून आपल्याकडे "डिस्पोजलचा माल" हा शब्द रूढ झाला. जुन्या बाजारात तो पुढे अनेक वर्षे ऐकू येत असे. लिलावात घेतलेला माल व्यापाऱ्याकडून मिस्त्रीकडे आणि मिस्त्रीकडून शेतकऱ्याकडे, पिठाच्या गिरणीवाल्याकडे, लाकडाच्या वखारीकडे किंवा फिरत्या सिनेमावाल्याकडे जाई. सैन्यात ज्याने बिनतारी यंत्राला वीज पुरवली, तेच इंजिन खेड्यात दळण दळू लागे.

या प्रवासात इंजिनाचे बरेच काही बदलत असे. सैन्याचा हिरवा रंग जाऊन निळा किंवा लाल रंग चढे. चाके काढली जात, पाया सिमेंटचा होई, पेट्रोलची टाकी जाऊन रॉकेलचा डबा लागे. म्हणून बाह्य रूपावर विश्वास ठेवून चालत नाही. मिस्त्रीला बदलता येत नाहीत अशा गोष्टी शोधाव्या लागतात.

आधी नाव, मग बाण, मग क्रमांक

ओळखीची पहिली पायरी म्हणजे स्वच्छता. पण येथे घाई घातक ठरते. तारेच्या ब्रशने किंवा घासकागदाने खरवडले तर उरलासुरला मूळ रंग आणि पुसट अक्षरे दोन्ही जातात. रॉकेलमध्ये भिजवलेल्या मऊ फडक्याने तेलाचा थर हलकेच काढावा. पेट्रोलच्या टाकीजवळ विडी-काडी नसावी, हे सांगायला नकोच. अक्षरे दिसू लागली की कागद ठेवून त्यावर शिसपेन्सिल आडवी घासावी, म्हणजे उठाव कागदावर उतरतो. नाण्याचा ठसा घेण्याचा हा खेळ मुले शाळेत खेळतातच.

इंजिनावर अक्षरे तीन प्रकारची असतात. पहिली, बिडाच्या ओतकामातच उठून आलेली. ती कारखान्यात साच्यातून आलेली असतात आणि सहसा नाहीशी होत नाहीत. दुसरी, पोलादी ठशाने ठोकलेली. हा बहुधा इंजिनाचा क्रमांक असतो. तिसरी, पितळी किंवा पत्र्याच्या पाटीवरची. पाटी सर्वांत जास्त बोलते, पण तिच्यावर सर्वांत कमी विश्वास ठेवावा. चार रिबिटांवर बसलेली पाटी एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर बसवणे हे काही अवघड काम नव्हे.

त्यानंतर बाणाची खूण शोधावी. ब्रिटिश सरकारच्या मालकीच्या वस्तूवर तीन रेघांचा, कावळ्याच्या पायासारखा दिसणारा बाण ठोकण्याची जुनी पद्धत होती. साम्राज्यातील निरनिराळ्या देशांनी त्यात आपापली भर घातली. इंग्रजी "सी" या अक्षराच्या पोटात बाण असेल तर माल कॅनडाचा. दोन "डी" अक्षरांच्या मध्ये बाण असेल तर ऑस्ट्रेलियाचा. बाणाखाली "आय" असेल तर हिंदुस्थान सरकारचा. अमेरिकी मालावर बाण नसतो. त्याच्या पाटीवर अमेरिकी सैन्याचे व त्यातील खात्याचे नाव आणि मागणीचा क्रमांक असतो.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. बाण एवढेच सांगतो की ही वस्तू एकेकाळी सरकारी मालकीची होती. ब्रिटनमध्ये मोजणीच्या दगडांवरही तो कोरलेला आढळतो. ती वस्तू आघाडीवर गेली होती की गुदामातच पडून होती, हे बाणावरून कळत नाही. तसेच बाण दिसला नाही म्हणून इंजिन सैन्याचे नव्हे, असेही म्हणता येत नाही, कारण तो एखाद्या झाकणावर असेल आणि ते झाकण कधीच बदलले गेले असेल.

जीपचे इंजिन : एक संपूर्ण उदाहरण

आता एकच इंजिन घेऊन ही सारी पद्धत लावून पाहू. ते म्हणजे जीपचे इंजिन. आपल्या राज्याच्या उद्योगाच्या इतिहासाशी त्याचा फार जवळचा संबंध आहे.

१९४० साली अमेरिकी सैन्याने हलक्या, चारही चाकांना ताकद असलेल्या गाडीची मागणी नोंदवली. अनेक कंपन्यांच्या नमुन्यांतून विलीज-ओव्हरलँड या कंपनीचा नमुना १९४१ साली पक्का झाला. त्याचे मुख्य कारण तिचे इंजिन हे होते. बार्नी रूस नावाच्या अभियंत्याने कंपनीच्या जुन्या, साधारण मोटारीच्या इंजिनात सुधारणा करून ते ६० अश्वशक्तीपर्यंत आणले होते. "गो डेव्हिल" या नावाने ते ओळखले जाते. चार सिलिंडर एका रांगेत, सिलिंडरचा व्यास ३ पूर्णांक १/८ इंच, दट्ट्याचा फेरा ४ पूर्णांक ३/८ इंच, एकूण घनफळ १३४ घन इंच म्हणजे सुमारे २,२०० घन सेंटिमीटर. एका कंपनीचा कारखाना पुरणार नाही म्हणून सैन्याने त्याच नकाशांवरून फोर्ड कंपनीलाही जीप बनवायला लावल्या. युद्धकाळात दोघांनी मिळून सुमारे ६ लाख ४० हजार जीप तयार केल्या.

असे इंजिन समोर आले तर काय पाहावे? प्रथम त्याचा माथा पाहावा. मूळ गो डेव्हिल इंजिनाच्या सर्व झडपा बाजूला, ठोकळ्याच्या पोटात असतात. त्यामुळे वरचे हेड सपाट असते, त्यावर झडपांचे उंच झाकण नसते. फक्त चार स्पार्क प्लग वर दिसतात. १९५० नंतर विलीज कंपनीने "हरिकेन" नावाचे सुधारित इंजिन आणले. त्याचा आकार तोच, घनफळ तेच, पण हवा आत घेणाऱ्या झडपा वर नेल्या. त्यामुळे हेडवर पत्र्याचे लांबट झाकण आले, इंजिनाची उंची वाढली आणि ते मावावे म्हणून जीपचे बॉनेटही उंच करावे लागले. तेव्हा माथ्यावर झाकण दिसले की ते इंजिन महायुद्धाच्या नंतरचे आहे, हे तेथल्या तेथे ठरते. मग गाडीवर कितीही हिरवा रंग असो.

माथा सपाट असेल तर दुसरी पायरी. ठोकळ्याच्या उजव्या अंगाला, पुढच्या बाजूस, तेलाच्या फिल्टरजवळ एक सपाट केलेली जागा असते. तेथे क्रमांक ठोकलेला असतो. क्रमांकाच्या आधी "एम.बी." अक्षरे असतील तर ते विलीज कंपनीचे युद्धकाळातील इंजिन होय. "जी.पी.डब्ल्यू." असेल तर फोर्ड कंपनीचे. त्यातील डब्ल्यू हा विलीजच्या नमुन्याचा निदर्शक आहे. फोर्डची ओळख आणखी एका गोष्टीने पटते, ती म्हणजे बोल्टांच्या माथ्यावर आणि लहानसहान भागांवर कोरलेले "एफ" हे अक्षर. क्रमांकाआधी नुसते "जे" असेल तर युद्धानंतर शेतकऱ्यांसाठी व नागरिकांसाठी काढलेल्या जीपचे ते इंजिन समजावे. ती जीप १९४५ साली बाजारात आली.

तिसरी पायरी, इंजिन उघडले असेल तर पुढचे झाकण काढून पाहावे. युद्धकाळातील इंजिनात झडपांचा दांडा साखळीने फिरतो. नागरी जीपमध्येही सुरुवातीला साखळीच होती. पुढे ती जाऊन दातेरी चाके आली. म्हणजे दातेरी चाके दिसली तर युद्धकाळ बाद होतो. साखळी दिसली तर मात्र निर्णय साखळीवर न सोडता क्रमांकावर करावा. पुरावा कसा तोलायचा याचा हा चांगला धडा आहे. काही पुरावे फक्त "नाही" म्हणू शकतात, "होय" म्हणण्याचा अधिकार त्यांना नसतो.

आणि क्रमांक युद्धकाळातला निघाला, तरी त्यावरून सिद्ध होते ते इंजिनाबद्दल. गाडीबद्दल काही सिद्ध होत नाही. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये इंजिने सर्रास बदलली जात. विलीजच्या सांगाड्यात फोर्डचे आणि फोर्डच्या सांगाड्यात विलीजचे इंजिन आढळणे यात नवल नाही. दोन्ही कंपन्यांचे भाग एकमेकांना बसावेत, हाच तर सैन्याचा मूळ उद्देश होता.

जे जीपमध्ये नव्हतेच

आता याहून मजेची गोष्ट. गो डेव्हिल जातीचे प्रत्येक लष्करी इंजिन जीपमध्येच होते असे नाही. अमेरिकी सैन्याच्या संदेशवहन खात्याकडे पी.ई.-९५ या नावाचा १० किलोवॅटचा जनित्रसंच होता. त्यात वीज निर्माण करण्यासाठी हेच विलीजचे इंजिन बसवलेले होते. हा संच एका लहान गाड्यावर ठेवून ट्रकच्या मागे जोडीत. ट्रकमध्ये एस.सी.आर.-२९९ नावाचे फिरते बिनतारी केंद्र असे. त्याचा संदेश शंभर मैल आणि त्याहूनही दूर जाई. म्हणजे एखाद्या वखारीत सापडलेले जीपचे इंजिन कधीही रस्त्यावर धावलेले नसेल. त्याने जागच्या जागी उभे राहून सेनापतीचा हुकूम आघाडीपर्यंत पोहोचवला असेल.

हे ओळखायचे कसे? इंजिनाला जोडलेले जनित्र बरोबर असेल तर काम सोपे आहे. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची आणि सेकंदाला ६० आवर्तनांची, ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे ५० आवर्तनांची. पाटीवर ६० हा आकडा दिसला की माल अमेरिकी वळणाचा समजावा. पाटी गेली असेल तरी गणित उरते. चार ध्रुवांचे जनित्र ५० आवर्तनांसाठी मिनिटाला १,५०० फेरे घेते, ६० आवर्तनांसाठी १,८०० फेरे घेते. अशा संचावर आपल्याकडची मोटर लावली तर ती एक पंचमांश अधिक वेगाने फिरू पाहील. आपले २३० व्होल्टचे दिवे १२० व्होल्टवर लावले तर मिणमिणतील.

जनित्राचे पोटही पाहावे. कार्बनचे ब्रश जेथे टेकतात तेथे तांब्याच्या पट्ट्यापट्ट्यांचे कडे असेल तर ते एकदिश वीज देणारे. तेथे सलग, गुळगुळीत कडी असतील तर ते उलटसुलट प्रवाहाचे. लहान पेट्रोल इंजिन, त्याला जोडलेले तांब्याच्या पट्ट्यांचे जनित्र आणि १२ व्होल्टचा आकडा, एवढ्या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर तो बहुधा बॅटऱ्या भरण्याचा संच असतो. रणगाड्यातील व ट्रकमधील बिनतारी यंत्रे १२ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालत आणि त्या सतत भराव्या लागत. अशा इंजिनाने कधी गोळी झाडली नाही, पण ते थांबले तर पलटण मुकी होई.

आणखी एक वर्ग आगीच्या बंबांचा. इंग्लंडच्या कोव्हेंट्री क्लायमॅक्स कंपनीने बॉम्बहल्ल्यांच्या काळात दोन चाकांच्या गाड्यावरचे हजारो पंप पुरवले. यात इंजिन आणि पंप एकाच सांध्यावर घट्ट जोडलेले असतात, आणि पाणी बाहेर पडण्याच्या तोंडाला होज झटक्यात बसवण्याची पितळी खोबण असते. शेतीच्या पंपाला अशा खोबणीची गरज नसते, म्हणून ती दिसली की मूळ उपयोग उघड होतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र या पंपाला एक मर्यादा होती. वर बसवलेला कोणताही पंप व्यवहारात सात-आठ मीटरपेक्षा खोल पाणी ओढू शकत नाही, कारण पाणी वर ढकलणारा हवेचा दाबच तेवढा असतो. म्हणूनच आपल्याकडील खोल विहिरींत पंप खाली उतरवून, कडेला ओटा करून बसवावा लागे. विहिरीच्या भिंतीत असा रिकामा ओटा आजही दिसला तर तोही एक पुरावाच आहे.

मोठ्या इंजिनांबाबत थोडक्यात एवढेच. कॅनडाच्या फोर्ड ट्रकमध्ये आठ सिलिंडरचे इंजिन असे, चार एका अंगाला आणि चार दुसऱ्या अंगाला. शेव्हरोलेटमध्ये सहा सिलिंडर एका रांगेत आणि झडपा माथ्यावर. दोन अंगांना दोन सपाट हेड दिसले की फोर्ड, एकच लांब इंजिन आणि वर झाकण दिसले की शेव्हरोलेट, एवढे लक्षात ठेवले तरी सुरुवातीला पुरे.

जे सैन्याचे नसतेच

आता दुसरी बाजू. आपल्या भागातील विहिरींवरची बहुसंख्य इंजिने डिझेलची होती, आणि त्यांचा लढाईशी काही संबंध नव्हता. साताऱ्याच्या कूपर कारखान्यात १९३० नंतरच्या दशकातच डिझेल इंजिन तयार झाले होते. पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली निघाली. तिचे ५ अश्वशक्तीचे ए.व्ही.-१ हे इंजिन इंग्लंडच्या पेटर कंपनीच्या धर्तीचे आहे. म्हणून एखाद्या जुन्या इंजिनाला कोणी "पेटर" म्हटले, तर त्याची पाटी व ओतीव अक्षरे पाहून ते विलायतेचे की खडकीचे हे ठरवावे.

येथे आकड्यांची एक गंमत सांगण्यासारखी आहे. ए.व्ही.-१ इंजिनाचा सिलिंडर ८० मिलिमीटर व्यासाचा आणि फेरा ११० मिलिमीटरचा. जीपच्या इंजिनाची मापे मिलिमीटरमध्ये केली तर ७९.४ आणि १११.१ येतात. म्हणजे एका सिलिंडरचे घनफळ दोन्हीकडे जवळजवळ सारखेच, साडेपाचशे घन सेंटिमीटर. नुसता सुटा दट्टा हाती घेऊन मोजपट्टी लावणारा सहज फसेल. पण एकात स्पार्क प्लग आणि साडेसहापट दाब, दुसऱ्यात इंजेक्टर आणि त्याच्या दुपटीहून अधिक दाब. एक चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, दुसरे एकाच सिलिंडरचे डिझेल. एका मापावरून निर्णय करू नये, हे यावरून शिकावे.

मंद गतीची, दोन मोठ्या चाकांची इंजिने ही मूळची इंग्लंडच्या लिस्टर कंपनीची. १९३० च्या सुमारास निघालेले हे इंजिन मिनिटाला ६५० फेरे घेई. पुढे राजकोटच्या कारखान्यांनी तशाच धर्तीची इंजिने फार मोठ्या प्रमाणावर काढली. त्यांतील एका प्रसिद्ध छापाचे नाव "फिल्ड मार्शल" असे आहे. आता फिल्ड मार्शल म्हणजे सैन्यातला सर्वांत मोठा हुद्दा! हे नाव वाचून कोणी ते सेनापतीच्या तळावरचे इंजिन समजला तर त्याला हसू नये. पण नाव आणि मूळ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मात्र समजावून सांगावे.

लढाईपासून इगतपुरीपर्यंत

जीपच्या इंजिनाची कथा युद्धाबरोबर संपली नाही. युद्धकाळात कैलासचंद्र महिंद्र हे अमेरिकेत हिंदुस्थान सरकारच्या खरेदी मंडळावर होते. तेथे त्यांचा बार्नी रूस यांच्याशी परिचय झाला. पुढे २ ऑक्टोबर १९४५ रोजी जगदीशचंद्र व कैलासचंद्र हे महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी मिळून पोलादाच्या व्यापारासाठी एक कंपनी काढली. तिचे नाव "महिंद्र अँड मोहम्मद". गुलाम मोहम्मद हे अलीगढचे पदवीधर आणि हिशेब खात्यातील नामांकित अधिकारी. १९४७ मध्ये फाळणी झाली, ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये तेथील गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली कंपनीचे नाव "महिंद्र अँड महिंद्र" झाले. मुंबईत माझगावला विलीजच्या सुट्या भागांतून जीप जोडण्याचे काम सुरू झाले आणि क्रमाक्रमाने ते भाग येथेच तयार होऊ लागले. पुढे या कंपनीचे कारखाने नाशिकलाही आले. आपल्या जिल्ह्यातील इगतपुरीला तिचा इंजिनांचा कारखाना आहे. ज्या इंजिनाने लढाईत नाव काढले, त्याच्या वंशाचा धागा असा आपल्या जिल्ह्यापर्यंत येऊन पोहोचला. देवळ्याच्या रस्त्यांवर ज्या जीपमधून माणसे बाजाराला, लग्नाला आणि दवाखान्याला गेली, त्या जीपची ही कुळकथा आहे.

आता करावयाचे काम

लोखंडाचा भाव वजनावर ठरतो, आणि भंगारात गेलेले इंजिन भट्टीत वितळले की त्यावरील अक्षरेही वितळतात. कागद जळाला तर त्याची नक्कल कोठेतरी असू शकते. इंजिनावर ठोकलेल्या क्रमांकाची नक्कल नसते. म्हणून विकणे भाग असेल तर अवश्य विकावे, संसारापुढे इलाज नसतो. पण विकण्यापूर्वी एक तास खर्च करून त्याची नोंद ठेवावी. चारही बाजूंनी छायाचित्रे, सर्व अक्षरांचे पेन्सिलीने घेतलेले ठसे, सिलिंडरचा व्यास आणि फेरा, पेट्रोलचे की डिझेलचे, जनित्र असल्यास त्याचे आकडे, आणि ते कोणी, कोणाकडून, कोणत्या साली घेतले याची घरात सांगितली जाणारी हकीकत. हकीकत वेगळ्या पानावर लिहावी आणि डोळ्यांनी पाहिलेले वेगळ्या पानावर. दोन्हींची सरमिसळ करू नये. जुन्या पावत्या शोधताना हेही ध्यानात घ्यावे की देवळा तालुका १९९९ साली झाला. त्यापूर्वीच्या कागदांवर शेजारच्या तालुक्याचे नाव असणे स्वाभाविक आहे.

दुसरे काम याहून तातडीचे आहे. ज्या मिस्त्री मंडळींनी ही इंजिने उघडली, त्यांचे रिंग-पिस्टन बदलले, पेट्रोलवर चालणारे यंत्र रॉकेलवर चालवून दाखवले, त्यांच्या ज्ञानाची नोंद कोणत्याच पुस्तकात नाही. त्यांतील अनेकांना इंग्रजी वाचता येत नव्हते, पण आवाजावरून झडपेचा दोष सांगता येत होता. आपल्या समाजातील कितीतरी घरांत असे आजोबा, चुलते, मामू होऊन गेले. जे हयात आहेत त्यांच्याजवळ नातवंडांनी वही घेऊन बसावे. आजोबांच्या हाताला इंजिन कळते आणि नातवाला त्यावरचे अक्षर वाचता येते. ही दोन्ही एकत्र आली तरच पूर्ण ओळख पटते.

ज्यांना प्रत्यक्ष लष्करी वाहने पाहायची असतील त्यांनी अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, येथील रणगाडा संग्रहालय पाहावे. ते १९९४ पासून आहे. पण सुरुवात दूर जाऊन करण्याची गरज नाही. घरातला कोपरा, शेतातली पडकी मोटारखोली, गावातले बंद पडलेले गिरणीघर, येथून ती करता येईल. शोध केल्यावर इंजिन लढाईतले निघाले तर त्याचे मूळ काम ठाऊक झाल्याचा आनंद आहे. ते खडकीचे किंवा राजकोटचे निघाले तरी वाईट वाटण्याचे काही कारण नाही. ज्या यंत्राने आपल्या वडिलांच्या शेताला पाणी दिले आणि त्या पाण्याच्या पिकावर आपल्याला शाळेत घातले, त्याला सेनापतीच्या नावाची गरज नाही. त्याचे खरे नाव, गाव आणि काम आपल्याला ठाऊक असले, की पुष्कळ झाले.